विसर्जनाच्या ट्रॉलीवर पॉवरकॉन सुटतो, फेविक्विक लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका गणेश मंडळाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर छोटा जनरेटर, आठ एलईडी पार (स्टेजचे गोल दिवे), दोन मूव्हिंग हेड (डोकं फिरणारे दिवे) आणि साउंड होता. वाटेत दोनदा लाईटची सगळी लाईन गेली, आणि दोन्ही वेळा पहिल्या पारच्या मागचा निळा पॉवरकॉन, म्हणजे फिरवून लॉक होणारा विजेचा कनेक्टर, सुटून लोंबकळताना सापडला. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की, लॉकवाला कनेक्टर मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतला तरी तो आपोआप कसा सुटतो? पुढच्या वर्षी फेविक्विक टाकून कायमचा चिकटवला तर चालेल का?

फेविक्विक नको. त्याचं कारण सांगतोच, पण आधी हे ठरवायला हवं की तुमचा कनेक्टर नक्की कशाने सुटला. मी बडोद्यात बावीस वर्षं लाईट-साउंडचं काम करतोय, गणपती, गरबा, लग्नं, सगळं. "कनेक्टर सुटला" अशी तक्रार आली की त्यात तीन वेगवेगळे प्रकार निघतात. एक, तो मुळात लॉकच झालेला नसतो. दोन, लॉक झालेला असतो पण केबल त्याला सतत पिळत किंवा ओढत असते. तीन, माणसाच्या हाताने काढलेला असतो, चुकून नाहीतर मुद्दाम. तिन्हींवर एकच उपाय लावायला गेलात तर पुढच्या अनंत चतुर्दशीला पुन्हा अंधार.

लोड जास्त झाला म्हणून हे झालं असेल, अशी शंका तुम्ही शेवटी लिहिली आहे. ती काढून टाका. आठ पार दीडशे वॅटचे धरले तर १२०० वॅट, दोन मूव्हिंग हेड तीनशेचे धरले तर ६००. एकूण १८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला आठ अँपिअरच्या आत. निळा पॉवरकॉन २० अँपिअरचा असतो. लोडने कनेक्टर तापतो, वितळतो, पण फिरून बाहेर पडत नाही.

आता तो कनेक्टर हातात घ्या. खाचा जुळवून आत घालायचा, उजवीकडे फिरवायचा, आणि शेवटी वरची धातूची छोटी पट्टी स्प्रिंगने पुढे येऊन 'टक्' बसते. काढताना ती पट्टी अंगठ्याने मागे ओढून उलटं फिरवायचं. यात एक गोम आहे. फिरवल्यावर आतले कॉन्टॅक्ट जुळतात आणि लाईट लागतो. पट्टी पुढे आली की नाही याचा लाईटशी काही संबंध नाही. पट्टी अडकलेली असली तरी लाईट लखलखीत लागतो, आणि आपण समजतो काम झालं.

पट्टी अडकते कशाने? तुम्ही मिरवणूक म्हणालात, म्हणून माझा पहिला संशय गुलालावर आहे. गुलाल त्या पट्टीखाली जाऊन बसतो, वर घामेजलेले हात आणि पावसाची एक सर, की त्याचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी तो वाळून कडक होतो आणि पट्टी अर्ध्यातच थांबते. गरब्याच्या मैदानावर हेच काम धूळ करते. तुमचा कनेक्टर गेल्या वर्षीच्या मिरवणुकीनंतर तसाच पेटीत गेला असेल तर खात्री समजा. पट्टी मागे ओढा आणि सोडा. टुणकन पुढे आली पाहिजे. हळूहळू सरकत येत असेल किंवा बोटाने ढकलावी लागत असेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. कोरड्या जुन्या टूथब्रशने साफ करा, ब्लोअर असेल तर हवा मारा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याला पुढचा गुलाल दुप्पट चिकटेल. साफ करूनही स्प्रिंग मेलेली वाटली तर कनेक्टर बदला. बाजारात हुबेहूब दिसणारे स्वस्त कनेक्टर खूप आहेत, त्यांची पट्टी एक सीझन धड चालत नाही. चार पैसे वाचवायचे तर केबलच्या लांबीत वाचवा, इथे नको.

आमच्याकडे नियम असा आहे की कनेक्टर लावणाऱ्याने तीन गोष्टी एका दमात करायच्या: टक् ऐकायचं, पट्टी बोटाने चाचपायची, आणि मग पट्टीला हात न लावता कनेक्टर उलटा फिरवून बघायचा. नाही फिरला तर लॉक. ट्रॉलीवर ढोल-ताशा सुरू झाल्यावर टक् कोणाला ऐकू येणार, म्हणून तिसरी चाचणी महत्त्वाची. केबल ओढून बघणारे बरेच असतात, पण हा कनेक्टर सरळ ओढल्याने कळतच नाही. तो फिरून सुटतो, तर तपासायचाही फिरवूनच.

यावरूनच दुसऱ्या प्रकाराकडे येतो, आणि तुमच्या बाबतीत पहिला आणि दुसरा मिळून घडलं असावं असा माझा अंदाज आहे.

तुमची केबल गुंडाळतं कोण? मंडळाची पोरं हात कोपरात वाकवून पंजा ते कोपर अशी गुंडाळत असतील, तर प्रत्येक वेढ्याला केबलमध्ये एक पीळ बसतो. पंधरा मीटर केबलला तसे पंधरा-वीस पीळ. ती केबल ट्रॉलीवर पसरली की पीळ सुटायला बघतो, आणि त्याला सुटायला जागा मिळते ती टोकाला. टोकाला असतो फिरून उघडणारा कनेक्टर. त्यात पट्टी अर्धवट बसलेली, खाली ट्रॅक्टरचा धक्का, वर बेसचा हादरा. प्रत्येक स्पीड ब्रेकरला तो केसभर मागे फिरत असणार. दोन तासांत बाहेर. केबल मोकळी फेकून सरळ करा, मग एक वेढा सुलटा, एक उलटा असा गुंडाळा. आमच्या गोडाऊनमध्ये नवीन मुलाला पहिला आठवडा फक्त हेच काम असतं आणि तो कंटाळून पळाला नाही तर मग त्याला लाईटला हात लावू देतो.

दुसरं, वजन. तीन कोअर अडीच एमएमची रबरी केबल मीटरला साधारण पाव किलो भरते. ट्रॉलीच्या कमानीवरून जनरेटरपर्यंत सात-आठ मीटर केबल मोकळी सोडली तर दोन किलो वजन त्या एका कनेक्टरवर लटकतं, आणि ते नुसतं लटकत नाही, झोके घेतं. कनेक्टरचं काम करंट नेण्याचं, वजन पेलण्याचं नाही. कनेक्टरच्या मागे वीतभर अंतरावर केबल कमानीच्या पाइपला बांधा. बांधण्याआधी मधल्या भागात हाताच्या तळव्याएवढा सैल वेढा ठेवा. म्हणजे केबलला कोणी पाय अडकवला तर झटका पाइपला बसतो, कनेक्टरला कळतही नाही. तो वेढा कनेक्टरच्या पातळीपेक्षा खाली असू द्या. पाऊस आला तर पाणी केबलवरून ओघळून त्या खालच्या टोकाला टपकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. हा निळा कनेक्टर पावसाचा नाही हे तसंही लक्षात असू द्या.

बांधायला वेल्क्रोचा पट्टा उत्तम, कापडी नाडीही चालते. प्लास्टिकचा केबल टाय चालतो, पण रबर चेपेपर्यंत आवळू नका. आणि बांधायचं ते पाइपला. मी एका मंडळात असंही पाहिलंय की केबल लाईटच्याच हँडलला बांधली होती आणि लाईट खालीवर हलवला की केबल ताणली जायची.

कनेक्टर एकदा उघडून आत बघा. मागचा नट आवळल्यावर आतली पकड केबलच्या बाहेरच्या रबराला घट्ट धरते ना? पुष्कळदा बाहेरचं रबर जास्त सोललेलं असतं आणि पकड आतल्या लाल-काळ्या-हिरव्या वायरींवर येते. मग ओढ थेट स्क्रूवर. अशा केबलमध्ये कनेक्टर जागेवर राहतो आणि आतली वायर निघते, जे जास्त वाईट, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. केबल बारीक म्हणून टेपचे वेढे देऊन जाड करण्याचा उद्योग करू नका. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो आणि केबल सरकते. केबलच्या जाडीला जुळणारी पकड घ्या.

तिसरा प्रकार माणसाचा. याच्यावर मी जास्त बोलतो असं माझी पोरं म्हणतात, पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कनेक्टर माणसानेच काढलेला असतो. एका गरब्यात साउंड मिक्सरच्या टेबलाखालच्या बोर्डातून आमचा प्लग काढून कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. पाच हजार माणसं रिंगणात, आवाज बंद, आणि टेबलाखाली एक फोन सुखाने १४ टक्क्यांवर. विचारलं तर एक काका म्हणाले, "एक मिनिट तो चालशे ने!" तेव्हापासून आम्ही प्रत्येक कार्यक्रमात टेबलापासून दहा पावलांवर फक्त चार्जिंगचा बोर्ड ठेवतो, वर मोठ्या अक्षरात लिहून. त्या बोर्डाने जेवढे कनेक्टर वाचवले तेवढे कुठल्याच लॉकने वाचवले नाहीत.

मिक्सरच्या मागे जो काळा सी१३ कनेक्टर असतो, कॉम्प्युटरला असतो तोच, त्याला तर लॉकच नसतं. सबवूफरशेजारी तो स्वतःहून मागे सरकतो. लॉकवाला सी१३ मिळतो, बटण दाबल्याशिवाय निघत नाही, तो घ्या. डिजिटल मिक्सर असेल तर सोबत छोटा यूपीएसही ठेवा. लाईट क्षणभर गेली तरी मिक्सर पुन्हा चालू व्हायला मिनिट-दीड मिनिट घेतो आणि तेवढ्यात सगळं मंडळ तुमच्या डोक्यावर येतं.

आता फेविक्विक. चिकटवलेला कनेक्टर संकटात निघत नाही. लाईटमधून धूर आला, कोणाला शॉक लागला, पार कमानीवरून खाली आला, तर तो एकाच लाईटपुरता ताबडतोब सोडवता आला पाहिजे. आपल्याला असं लॉक हवं आहे की धक्क्याने, ओढीने, अजाण हाताने उघडणार नाही, पण जाणत्या माणसाला दोन सेकंदांत उघडता येईल. पट्टी ओढणं आणि फिरवणं या दोन हालचाली म्हणूनच ठेवल्या आहेत. त्याच्यावर आणखी खात्री हवी तर कापडी टेपचा एकच वेढा पट्टीवरून द्या, टोक दुमडून मोकळं ठेवा म्हणजे ओढून काढता येईल. साधी चकचकीत इन्सुलेशन टेप इथे कामाची नाही, ट्रॉलीच्या उन्हात ती घसरते. टेप लावण्याचा हक्क मात्र एकाच माणसाला द्या, ज्याने उलटं फिरवून तपासलं त्याला. आमच्याकडे ती टेप पिवळी आहे. निघण्याआधी मी लांबून नजर टाकतो, पिवळं दिसलं नाही तिथे चढून बघतो.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. हा जुना निळा-पांढरा पॉवरकॉन चालू लोडवर काढण्यासाठी बनवलेला नाही. चालू असताना काढला किंवा सुटला तर आत ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट जळतात. तुमचे दोन्ही वेळचे कनेक्टर चालू लोडवर सुटले आहेत, तेव्हा टॉर्च घेऊन कॉन्टॅक्ट बघा. काळे डाग, खड्डे दिसले तर दोन्ही बाजू बदला, केबलची आणि लाईटचीही. तसाच वापरलात तर आता खरोखर तापेल. नवीन लाईट घेणार असाल तर ट्रू-वन पद्धतीचा, म्हणजे पॉवरकॉनच्याच नव्या जातीचा, कनेक्टर असलेले बघा. तो १६ अँपिअरचा आहे, चालू लोडवर काढण्याची सोय त्यात धरलेली आहे आणि जोडलेला असताना पाण्याच्या शिंतोड्यांनाही टिकतो. जुन्या आणि नव्याची जोडी जमत नाही, म्हणून एका साखळीत, म्हणजे एका लाईटमधून पुढच्या लाईटला वीज नेणाऱ्या ओळीत, दोन्ही मिसळू नका, नाहीतर रस्त्यात अडॅप्टर शोधत बसाल. भाड्याचे लाईट आणत असाल तर आधी विचारून घ्या.

तुमच्या फोटोत जनरेटरकडून येणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप दिसतोय. एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरं बोर्डाच्या सॉकेटमध्ये उलट घुसवलेलं. ही केबल आजच कापा. कनेक्टर सुटण्याचा प्रश्न तुम्ही पॉवरकॉनबद्दल विचारलात, पण खरा धोका इथे आहे. हा प्लग सुटला तर २३० व्होल्टच्या उघड्या पितळी पिना ट्रॉलीवर नाचणाऱ्या पोरांच्या पायात पडतात. प्रत्येक जोडात वीज देणारी बाजू कायम मादी, म्हणजे पिना आत झाकलेल्या. वीज घेणारी बाजू, म्हणजे इथे बोर्डावरची, नर. थ्री-पिन टॉपला तसंही लॉक नाही, तेव्हा जनरेटरच्या बाजूला निळा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवा. त्याच्या झाकणाचा आकडा प्लगच्या खाचेत अडकतो आणि प्लग मागे सरकू देत नाही. झाकण नीट बंद झालं नाही, त्याची स्प्रिंग तुटली, तर तो आकडा नावापुरता उरतो, हेही बघून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच लाईन तोडणारा स्विच, असलीच पाहिजे.

तुम्ही पुढे मोठ्या मंडळासाठी थ्री फेज जनरेटर घेण्याबद्दल विचारलंय. तिथे कनेक्टर सुटण्याचा अर्थच बदलतो, म्हणून माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली, गरब्याच्या मैदानावर १२५ केव्हीएचा जनरेटर, आणि प्रत्येक फेजला, न्यूट्रलला, अर्थला वेगळा सिंगल-पोल फिरवायचा कॅम कनेक्टर. रात्री घाईत जोडणी मीच केली. न्यूट्रलचा कनेक्टर आत गेला पण पूर्ण फिरला नाही. तासभर सगळं ठीक चाललं. मग कोणीतरी केबलवरून हातगाडी नेली, न्यूट्रल सुटला आणि फेज तिन्ही चालू राहिले.

न्यूट्रल गेला की वीज बंद होत नाही. एका फेजवरचा लोड आणि दुसऱ्या फेजवरचा लोड एकमेकांशी ओळीने जोडले जातात आणि दोघांमध्ये ४०० व्होल्ट वाटले जातात, तेही समान नाही. समजा एका फेजवर चार किलोवॅट आहेत, दुसऱ्यावर एक. दोघांचाच हिशेब केला तर हलक्या बाजूला ३२० व्होल्टच्या आसपास येतात. त्या रात्री आमच्या हलक्या फेजवर एलईडी पार आणि एक मिक्सर होता. पार एकामागून एक पॉपकॉर्नसारखे गेले. एमसीबी पडली नाही, कारण करंट तिला पाडण्याइतका वाढलाच नव्हता. नुकसान माझं, कारण चूक माझी.

म्हणून थ्री फेजला शक्यतो पाच पिनांचा एकच लाल इंडस्ट्रियल कनेक्टर घ्या. सगळ्या पिना एकत्र येतात-जातात आणि अर्थची पिन लांब असल्याने आधी लागते, शेवटी सुटते. ६३ अँपिअरच्या काही कनेक्टरला मधोमध एक आखूड पायलट पिन असते. ती सर्वांत शेवटी लागते आणि सर्वांत आधी सुटते, त्यामुळे तिच्यावर कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) जोडला तर प्लग निघायला लागताच लोड आधीच कापला जातो. सिंगल-पोल घ्यावेच लागले तर क्रम आधी अर्थ, मग न्यूट्रल, मग फेज, आणि काढताना बरोबर उलटा, जनरेटर बंद करून. त्याच्याभोवती झाकण किंवा कुलूपबंद पेटी हवी आणि किल्ली ऑपरेटरच्याच खिशात. पाच कोअर सोळा एमएम केबल मीटरला किलोच्या वर भरते, तेव्हा ती जमिनीवरच टेकलेली हवी, कनेक्टरवरून लोंबलेली नाही. बोर्डात ओव्हरव्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्ट वाढले की लाईन तोडणारा, लावलात तर न्यूट्रल गेल्यावर तो तरी वाचवेल. मी त्या रात्रीनंतर लावला.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमची ट्रॉली किती हादरते, मिरवणूक दोन तासांची की आठ, रस्त्यात कितीदा थांबते, लाईट स्वतःचे की भाड्याचे, हे मला इथून दिसत नाही. उभ्या मंडपात मी टेपचा वेढा बहुधा लावत नाही, बांधणी पुरते. चालत्या ट्रॉलीवर प्रत्येक कनेक्टरला लावतो आणि दर थांब्याला एक माणूस वर चढवतो. आठही पार एका साखळीत ठेवू नका. तुमचा पहिलाच कनेक्टर सुटला म्हणून सगळे गेले. चार-चारच्या दोन साखळ्या बोर्डापासून वेगळ्या काढा, आणि मूर्तीवरचा एक साधा बल्ब तिसऱ्या सर्किटवर. बाकी सगळं गेलं तरी गणपती दिसत राहील आणि गर्दीत घबराट होणार नाही.

ट्रॉली उभी असतानाच एकदा सगळं जोडा, दोन पोरं वर चढवून उड्या मारायला लावा, मग प्रत्येक कनेक्टर उलटा फिरवून बघा. जो फिरेल त्याच्या पट्टीचा जवळून फोटो टाका, वरून आणि बाजूने, म्हणजे गुलाल आहे की स्प्रिंग, ते सांगता येईल.